पायाखालचा पत्रा

जीपमधलं रबरी मॅटिंग उचललं, तर पत्र्यातून खालचं वावर दिसलं. ड्रायव्हरची टाच टेकते तिथं तळहाताएवढं भोक होतं. ही महिंद्र एमएम ५४० अण्णांनी १९९४ मध्ये घेतली, तीही जुनीच. अण्णा गेल्यावर तिची किल्ली माझ्याकडं आली.

जालन्यात लोखंडानं एवढं गंजावं असं तसं काही कारण नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, वर्षातले सात-आठ महिने पावसाचं नाव नाही. तरी ही जीप गंजानं जिथं जिथं खाल्ली, तिथं बोट ठेवलं की आमच्या शेतीची एकेक गोष्ट निघते.

मागच्या पत्र्याची चाळण झाली होती. तिथं खताची पोती असायची. मृगाच्या तोंडावर अण्णा जालन्याहून दहा-सव्वीस-सव्वीस भरून आणत आणि मी पोत्यांवर बसून घनसावंगीकडं येई. शिवणीतून दाणे सांडत, पत्र्याच्या घडीत जाऊन बसत. खताचा दाणा हवेतली ओल ओढून घेतो. त्यातल्या पोटॅशमधलं क्लोराइड तर मिठातलंच. समुद्र आमच्याकडं असा पोत्यातून यायचा.

मडगार्डच्या आत काळी माती. ती चाकानं उडून वरच्या कोपऱ्यात चिकटते, बाहेरून वाळते, पण पोटात ओल धरून ठेवते. पोळ्याला चिकटलेली माती दिवाळीतही आत ओलीच निघते. आणि बाकाखाली दोन गोल डाग आहेत, ते ड्रमांचे. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची झाडं उभ्या उभ्या वाळत होती. अण्णा दोनशे लिटरचे दोन ड्रम टाकून, फोर बाय फोरचा दांडा ओढून नदीच्या कोरड्या पात्रातून पाणी आणत. निम्मी बाग गेली, निम्मी राहिली. जे पाणी हिंदकळून सांडलं, ते त्या पत्र्यात मुरलं. त्या दोन डागांना हात लावताना मला अजून जड जातं.

पहिल्यांदा मी चुकलो. एका गॅरेजमध्ये भोकांवर लांबी भरून, वरून रंग मारून घेतला. गाडी नवी दिसली. पुढच्याच पावसाळ्यात रंगाला फोड आले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. झाकला तर आतून फुगतो आणि वरचं सगळं उचलून टाकतो. तेव्हापासून ठरवलं, खणखणीत आवाज येईपर्यंत पत्रा कापायचा. हातोडीनं ठोकत जायचं. बद्द आवाज आला की अजून कापायचं. मग अठरा गेजचा तुकडा वेल्ड करायचा, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि जोडावर आतूनसुद्धा रंग. आतली बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडली, तर गंज नेमका तिथूनच परत सुरू होतो.

बाकीचं काम दरवर्षीचं. पाट्यांना आणि जॉइंटच्या क्रॉसना ग्रीस, गिअर ऑइल आणि दोन्ही डिफरन्शिअलचं ऑइल बघणं, पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करणं. अण्णा हे सगळं अक्षय तृतीयेच्या आसपास करत. मला तेव्हा ते जुन्या गाडीचे लाड वाटत.

आमच्या जालन्यात भंगार वितळवून सळई करतात. एमआयडीसीकडं जाणाऱ्या ट्रकांत दारं, बोनेट, चेसी रचलेल्या दिसतात. महिंद्रची सुरुवातही १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारानं झाली, १९४७ पासून त्यांनी विलिज जीप जुळवायला घेतली. म्हणजे या लोखंडाला पुन्हा भट्टीत जायला काही कमीपणा नाही, त्यातून कुणाचं तरी घर उभं राहील. पण भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितला, तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. वजनात ते दोन डाग कुठं धरायचे?

या वर्षी मागचा पत्रा बदलला. डागांचा तेवढा भाग चांगला निघाला, तो ठेवला. रंग वाळल्यावर मुलाला म्हटलं, बादलीभर पाणी ओत. तो ओतत राहिला, मी जीपखाली उताणा पडून बघत होतो. आधी गढूळ, मग नितळ पाणी चारही भोकांतून खाली आलं.