दोघांमधली जागा

नाटकातला अंधार मोजून ठेवलेला असतो. या प्रवेशात बाईचा अर्धाच चेहरा उजळावा, दाराशी उभ्या मुलाची नुसती कड दिसावी, हे प्रकाशयोजनाकाराने तालमी पाहून ठरवलेलं असतं. तिथे फ्लॅशचा विचारसुद्धा मनात आणू नये. आहे त्या उजेडात भागवायचं, आणि त्यातला किती आत घ्यायचा हे लेन्सवर सोपवायचं. एफ/४ वरून एफ/२.८ वर आलं की दुप्पट प्रकाश आत येतो, तिथून एफ/१.८ वर गेलं की आणखी जवळजवळ अडीच पट. स्वगत म्हणत थांबलेला नट १/१०० सेकंदात सापडतो, पण तो गर्रकन वळला की १/२५० तरी हवं. चित्रात कण माजू द्यायचे नसतील, तर मोठ्या तोंडाच्या लेन्सला पर्याय नाही.

गणित एवढंच. खरी निवड पुढे सुरू होते.

नाट्यगृहात बहुतेक छायाचित्रकार ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स घेऊन येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मागच्या रांगेतून, कुणाचा रसभंग न करता नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं तर तीच उपयोगी. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स १० मीटरवरून जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तुकडा उचलते. एक माणूस, कमरेपासून वर. पण दिग्दर्शकाने आठ-आठ दिवस घासून बसवलेलं असतं ते दोन पात्रांमधलं अंतर. नवरा खुर्चीत, बायको खिडकीशी, मध्ये रिकामा सोफा. सगळा अंक त्या सोफ्यावर तोललेला असतो, आणि लांबची लेन्स नेमका तोच कापून टाकते. चेहरा हाती येतो, पण तो कुणाकडे पाहून असा झाला ते कळत नाही. शिवाय एफ/२.८ वर तेवढ्या अंतरावरून फोकसची खोली चाळीसेक सेंटिमीटरच मिळते. मागेपुढे उभ्या असलेल्या बापलेकांतला एकच स्पष्ट येतो. कधी तेच हवं असतं, मुलगा बोलतोय आणि मागे बाप विरघळत चाललाय. मात्र ते आपण ठरवून केलेलं असावं.

मला विचाराल तर मी ८५ मिलिमीटरची, एफ/१.८ वाली लेन्स घेईन. सहाव्या-सातव्या रांगेतून तिच्यात दोन माणसं मावतात, आणि त्यांच्यामधली जागाही. खिशालाही ती ७०-२०० पेक्षा पुष्कळ सोसवते. तिला झूम नाही, हे मला तिचं मोठेपण वाटतं. झूम हातात असलं की आपण नटाच्या मागे धावतो. ८५ लावली की चौकट धरून बसावं लागतं, आणि दुसरं पात्र त्या चौकटीत कधी पाऊल टाकेल याकडे कान लागतात. हो, कानच. वाक्याची पट्टी चढते, श्वास घेतला जातो, आणि हालचाल त्यानंतर येते.

पहिल्या रांगेचा मोह मात्र टाळावा. तिथून रंगमंचाची कड नटांची पावलं खाते, आणि रुंद लेन्स लावली तर खालून पाहिलेले पाय लांबलचक आणि डोकी लहान होतात.

‘घाशीराम कोतवाल’चं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जब्बार पटेलांनी १९७२ साली बसवलेल्या त्या नाटकात ब्राह्मणांची रांगच पडदा होते, भिंत होते. कडेच्या वाटेवरून, तिरकस, लांबच्या लेन्सने ती रांग टिपली तर माणसं एकमेकांत घुसल्यासारखी दिसतात आणि भिंत घट्ट होते. समोरून ३५ ने टिपली तर प्रत्येक जण सुटा होतो, डोकी मोजता येतात, एकेकाच्या चेहऱ्यावरचा साळसूदपणा वाचता येतो. भिंत हवी की भिंत झालेली माणसं हवीत? दोन्ही त्या नाटकात आहेत. लेन्स बदलली की आपण नाटकाचा वेगळा अर्थ लावतो.

आवाज न करणारं शटर जरूर वापरावं, कारण शांततेतली एक खटखट शेजाऱ्याचा प्रवेश मोडते. पण काही एलईडी दिव्यांखाली त्याने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. ती परीक्षा रंगीत तालमीत उरकून घ्यावी.

पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. तिथे नटाच्या मागे बरेचदा काळा पडदा नसतो, पाहणारे चेहरे असतात. मी ते मुद्दाम येऊ देते.

आणि सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो तेव्हा ८५ चा हट्ट मी सोडते. लिहिलेली संहिता नाही, संवाद नट जागीच रचतात, त्यामुळे कोण कुठे जाईल याचा अंदाज बांधून बसता येत नाही. राजाचं सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं, आणि प्रेक्षक त्याच्या पुढ्यातच बसलेले. अशा वेळी ३५ हवी, जमिनीवर मांडी घालून, माणसांत बसून. तिच्यात बाजूचा हार्मोनियमवाला येतो, पखवाजवालाही येतो. त्यांना चौकटीबाहेर ढकलण्यासाठी मी कधी सरकत नाही, कारण राक्षसाची उडी पखवाजाच्या थापेवरच पडते.