टाच बाहेर

पहाटे सहाला नळ स्टॉपच्या सिग्नलला मी पडले. कुणी धक्का दिला, खड्डा आला, कुत्रं आडवं गेलं, असलं काही झालं नाही. दिवा लाल झाला, मी नियमाने थांबले, सायकल पूर्ण उभी राहिली आणि मग बुंध्यापाशी तोडलेली केळ कलंडावी तशी मी अगदी सावकाश उजवीकडे आडवी झाले. दोन्ही हात हँडलवर, दोन्ही पाय पायडलांवर, सगळं जागच्या जागी. नळ स्टॉपला त्या वेळी पोहे-चहाच्या गाड्यांवर गर्दी असते, त्यामुळे प्रेक्षकांची उणीव नव्हती. एक काका हातातली बशी सांभाळत धावत आले. "ताई, पाय का नाही टेकलात?"

प्रश्न रास्त होता. मला सायकल नवव्या वर्षापासून येते. तासाच्या भाड्याने आणलेल्या काळ्या सायकलवर आधी मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून, मग सीटवर, अशी रीतसर बढती घेत मी शिकले. पुढे शाळा, कॉलेज, नोकरीची पहिली काही वर्षं, सगळं सायकलवर. एकोणपन्नासाव्या वर्षी रोड बाइक घेतली आणि वर्षभराने भाच्याने वाढदिवसाला पायडलं आणि बूट आणून दिले. बुटाच्या तळव्याला प्लास्टिकची तिकोनी क्लीट, ती पायडलात खटकन बसते आणि पाय सायकलला जोडला जातो. त्यातून तो सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. एवढंच. भाचा म्हणाला, "आत्या, तू दोनदा पडशील. सगळेच पडतात." मला वाटलं होतं, सगळे म्हणजे ज्यांना मुळात सायकल येत नाही ते.

या पायडलांना म्हणतात 'क्लिपलेस', म्हणजे क्लिप नसलेली. पाय जखडून ठेवणाऱ्या वस्तूला असं नाव का, याचं उत्तर माझ्या लहानपणात होतं. मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला वडील आम्हाला रस्त्याच्या कडेला घेऊन उभे राहत. शर्यतवाल्यांच्या पायडलांना पुढे एक पिंजरा असे आणि त्यावरून चामडी पट्टा आवळलेला. त्या पिंजऱ्याला म्हणत टो-क्लिप. पिंजरा गेला, पट्टा गेला, म्हणून नवी पायडलं क्लिपलेस. पट्ट्याची खोड अशी की थांबण्याआधी वाकून तो हाताने सैल करावा लागे. १९७१ साली चिनेल्ली या इटालियन कंपनीने पट्ट्याविना पाय पकडणारं पायडल काढलं, पण त्यातूनही पाय सोडवायला हात खाली न्यावा लागायचाच. पुढची उडी सायकलवाल्यांनी मारलीच नाही. लूक ही फ्रेंच कंपनी बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांवर बूट पकडून ठेवणारी साधनं बनवत होती. पकड घट्ट तर हवी, पण माणूस पडला की पाय मोडायच्या आत ती सुटायलाही हवी, हे त्यांच्या धंद्याचं मूळ. तीच युक्ती त्यांनी १९८४ साली पायडलात आणली. पुढच्या वर्षी बर्नार इनो ती पायडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि पट्ट्यांचे दिवस भरले. हे वाचलं तेव्हा मला या पायडलाचा स्वभाव कळला. आपण त्याच्या पकडीला घाबरतो. बनवणाऱ्यांनी मात्र डोकं घातलंय ते सुटण्यात.

पायडलं बसवण्यातच एक रविवार गेला. डावं पायडल निघेना. भाचा पाना घेऊन लटकला, मी सायकल धरून उभी. मग त्याला आठवलं की डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. चालवता चालवता ते आपोआप सैल होत जाऊ नये म्हणून केलेली ती योजना. इतका वेळ आम्ही ते सोडवत नव्हतो, आवळत होतो.

क्लीट बसवणं हे त्याहून नाजूक काम. चवड्याचा फुगीर भाग पायडलाच्या कण्यावर यावा, असं पाहायचं. मग कोन. मी चालताना पावलं जरा बाहेर टाकते. क्लीट नाकासमोर सरळ बसवली तर तो वाकडेपणा गुडघ्याला फेडावा लागतो. मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे धरले तर तासाभरात पाच हजार वेळा तोच गुडघा त्याच चुकीतून जातो. म्हणून क्लीटला थोडी मोकळीक ठेवलेली असते. शिमानोच्या पिवळ्या क्लीटमध्ये पाय सहा अंश इकडे-तिकडे फिरू शकतो, निळीत दोन, तांबडीत मुळीच नाही. शर्यतीची हौस असणारे तांबडीकडे जातात. मी पिवळीवर आहे आणि पिवळीवरच राहणार. एक गोष्ट मात्र मी उशिरा शिकले: झिजलेली क्लीट काढण्याआधी तिच्याभोवती बुटावर पेनाने रेघ मारून ठेवायची. पहिल्या खेपेला मारली नव्हती, आणि जुनी जागा सापडेपर्यंत माझे गुडघे महिनाभर कुरकुरत होते.

सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खांबाला धरून. भाच्याने पायडलातला स्क्रू फिरवून पकड सगळ्यात सैल करून दिली होती. उजवा पाय आत, बाहेर. डावा आत, बाहेर. पन्नास वेळा केलं. वॉचमनकाका खुर्चीतून गंभीरपणे बघत होते. मला वाटलं, आलं की! पण खांबाशी आलेली विद्या सिग्नलला उपयोगी पडत नाही, कारण खांबाशी भीती नसते. सायकल कलंडायला लागली की शरीर चाळीस वर्षांची सवय बाहेर काढतं: पाय वर उचल आणि जमिनीवर टेक. या पायडलातून पाय वर ओढून निघत नाही. जितक्या जोराने वर ओढावा, तितका तो अडकून राहतो. सुटण्याची वाट बाजूला आहे, आणि घाबरलेल्या माणसाला बाजूचं दार दिसत नाही. नळ स्टॉपला मी दोन्ही पाय जिवाच्या आकांताने वर ओढत होते. बघणाऱ्यांना मात्र मी शांतपणे पडताना दिसले.

दुसरं पडणं खडकवासल्याला, चौपाटीवर, कणसं भाजणाऱ्या बाईंसमोर. या वेळी मी शहाणी होते. वीस हात आधीच डावा पाय सोडवला, ऐटीत सायकल थांबवली आणि उजवीकडे पडले. डावा पाय मोकळा, हवेत. उजवा अडकलेला, आणि सगळं वजन त्याच बाजूला. बाई म्हणाल्या, "आता तर पाय काढला होता की!" काढला होता, पण वजन तिकडे नेलं नव्हतं. सायकल चालत असते तेव्हा आपण कलंडू त्या बाजूला हँडल नकळत वळवून चाक पुन्हा आपल्या खाली आणत असतो. हा व्यवहार जन्मभर चालला तरी कळत नाही. चाक थांबलं की हा व्यवहार मिटतो. मग तोल जिकडे, तिकडे आपण. त्यामुळे थांबण्याच्या शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवायचं, म्हणजे शरीर डावीकडे झुकतं आणि मोकळा पाय नेमका जमिनीवर येतो. पाय डावाच सोडवायचा, कारण आपल्याकडे रस्त्याची कड डावीकडे आणि वाहनं उजवीकडे. शिवाय साखळी उजव्या बाजूला, म्हणजे पोटरीला काळं ग्रीसही लागत नाही.

निघण्याचंही असंच शास्त्र आहे. उजवा पाय आधीच अडकवलेला, ते पायडल जरा पुढे आणि वर घेतलेलं. एक जोरकस दाब, सीटवर बूड, आणि सायकल चालती झाली की मग डावा. रोडचं पायडल मागच्या बाजूला जड असतं, त्यामुळे ते नाक वर करून लोंबतं. बुटाचं टोक त्या नाकात सरकवायचं आणि दाबायचं. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की सायकल भरकटते, आणि मागून रिक्षा येतेच. कात्रजच्या जुन्या घाटात मी एकदा चढावर उतरले आणि पुन्हा निघता येईना. डावा पाय पायडलात बसेपर्यंत सायकल थांबायची. शेवटी तो न अडकवता नुसता तळवा पायडलावर ठेवून शंभर पावलं रेटली, वळणावर चढ सैलावला तिथे अडकवला. तेव्हापासून चढावर थांबायची जागा मी निघण्याच्या सोयीने निवडते.

एवढं करून मिळतं काय, असं लोक विचारतात. सुरुवातीला मीही ऐकीव उत्तर देत असे: पाय खाली दाबताना तर जोर लागतोच, वर ओढतानाही लागतो, म्हणून दुप्पट फायदा. हे तितकंसं खरं नाही. सायकलपटूंना वेगवेगळ्या तऱ्हेने पायडल मारायला लावून मोजमाप झालं आहे; मुद्दाम वर ओढल्यावर तेवढ्याच कामाला शक्ती जास्त खर्च होते असं दिसलं. माझ्या मांड्यांनीही तेच सांगितलं. मला मिळालं ते वेगळंच. पावसाळ्यात ओल्या पायडलावरून पाय घसरून नडगी सोलून निघायची, ते संपलं. खराब रस्त्यावर पाय उडत नाही. पाय रोज त्याच जागी पडतो, म्हणून पायांकडे लक्ष ठेवावं लागत नाही. बोपदेवच्या चढावर उभं राहून सायकल डोलवताना ती खालून निसटेल अशी शंका येत नाही. मोबदल्यात चालणं गमावलं. क्लीटवर चालताना चहावाल्यापर्यंत घोड्याच्या टापांसारखा आवाज होतो, आणि गुळगुळीत शहाबादी फरशीवर आब राखणं अशक्य.

आता चार वर्षं झाली. भाच्याने सांगितलेला दोनदा पडण्याचा कोटा पूर्ण करून मी थांबले. पण काही गोष्टी बदलल्या, त्या माझ्याही उशिरा ध्यानात आल्या. पूर्वी मी थांबायची वेळ आली की थांबत असे. आता सिग्नल हिरवा असतानाच तो किती वेळ हिरवा आहे याचा हिशोब मनात चालतो. पुढच्या रिक्षाचं चाक किंचित डावीकडे वळलं की तिला भाडं दिसलं आहे हे मला कळतं आणि माझा पाय सुटलेला असतो. अनेकदा थांबावं लागतच नाही. मग तो पाय मी पुन्हा अडकवते. सोसायटीतल्या दोघींना मी ही पायडलं शिकवली, त्यांना मी खांब सोडायला लावला आणि मैदानात गवतावर नेलं. चालत्या सायकलवर दहा वेळा सोडवा, दहा वेळा अडकवा, मग थांबा. आणि थांबताना मोठ्याने म्हणा, टाच बाहेर. दोघी तरीही पडल्या. गवतावर, आणि पोहे खाणाऱ्यांच्या नजरेआड.

परवा आईला दवाखान्यात न्यायचं होतं. स्कूटरवर ती मागे बसली होती. माझ्या पायात साध्या चपला. म्हात्रे पुलाच्या अलीकडे दिवा पिवळा झाला, मी ब्रेक दाबला आणि थांबले. आईने मागून वाकून खाली पाहिलं.

"अगं, प्रत्येक सिग्नलला तो डावा पाय असा वाकडा काय करतेस? दुखतोय का?"