पावणेचार लिटरांत अटलांटिक

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक काढा बघू. उत्तर अमेरिकेचं पान उघडा आणि कॅनडाच्या उजव्या कडेला बोट ठेवा. तिथे समुद्रात एक मोठं बेट दिसेल. त्याचं नाव न्यूफाउंडलंड. या बेटाचं जे टोक अटलांटिक महासागरात घुसलंय, ते केप स्पिअर. ग्रीनलंड सोडलं, तर उत्तर अमेरिका खंडाचं हे अगदी पूर्वेचं टोक. इथून सरळ पूर्वेला निघालं, की जमीन भेटते ती थेट युरोपातच!

'स्पिअर' म्हणजे इंग्रजीत भाला. पण या टोकाचा भाल्याशी काही संबंध नाही बरं का. पोर्तुगीज खलाशांनी त्याला आपल्या भाषेत 'आशेचं टोक' म्हटलं. आशेला त्यांचा शब्द 'एस्पेरान्सा'. फ्रेंचांनी त्याचं 'एस्प्वार' केलं आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं झालं 'स्पिअर'. आहे की नाही गंमत?

इथे झाडं फारशी नाहीत. खडक, खुरटं गवत आणि सतत वाहणारा वारा. १८३६ साली बांधलेलं जुनं दीपगृह अजून उभं आहे. वसंत ऋतूत उत्तरेकडून हिमनग वाहत येतात, उन्हाळ्यात देवमासे दिसतात. आणि धुकं तर विचारू नका! हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत, असं. आणखी एक मजा म्हणजे इथलं घड्याळ. जगातल्या बहुतेक देशांच्या घड्याळांत पूर्ण तासांचा फरक असतो. आपल्या भारताची वेळ मात्र ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूफाउंडलंडचंही तसंच. त्यांची वेळ साडेतीन तास मागे. म्हणजे 'अर्ध्या तासाच्या' बाबतीत ते आपले भाऊबंदच!

जवळच सेंट जॉन्स हे शहर आहे. तिथल्या सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने समुद्रापलीकडून आलेला बिनतारी संदेश ऐकला. याच शहरातून १४ जून १९१९ रोजी अल्कॉक आणि ब्राऊन हे दोन वैमानिक उडाले आणि कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले ठरले. त्यांच्या विमानात इंधनाच्या मोठमोठ्या टाक्या होत्या.

पण आज आपल्याला जायचंय ते एका छोट्याशा विमानाबरोबर. त्याच्या पंखांची लांबी सहा फूट. म्हणजे तुमच्या बाबांनी दोन्ही हात पसरले, तर होईल साधारण तेवढी. आत वैमानिक नाही. इंजिन १० सीसीचं. स्कूटरचं इंजिन शंभर सीसीच्या वर असतं, हे लक्षात घ्या. आणि सगळ्या प्रवासासाठी इंधन किती? पावणेचार लिटरहूनही कमी!

दिसेना, ऐकू येईना, तरीही

हे विमान तयार केलं अमेरिकेतल्या मेनार्ड हिल नावाच्या आजोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. हिल हे धातुशास्त्रज्ञ. मॉडेल विमानांचं वेड जन्माचं. १९७० साली त्यांनी रेडिओने चालणारं मॉडेल आठ हजार मीटरहून उंच नेऊन विक्रम केला होता. पण अटलांटिकचा ध्यास घेतला, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. नजर इतकी गेली होती, की कायद्याच्या भाषेत ते अंधच. कानांनाही फार कमी ऐकू येई. तरी लाकूड कापणं, तासणं, चिकटवणं चालूच. डोळ्यांचं काम बोटं करत होती.

एकापाठोपाठ एक चार विमानं त्यांनी अटलांटिकवर पाठवली. चारही गेली. त्यांनी पाचवं केलं. ज्या शेतावर चाचण्या घेतल्या, त्या शेताचंच नाव त्याला दिलं, 'द स्पिरिट ऑफ बट्स फार्म'.

या विक्रमासाठी एक कडक नियम होता. उडताना इंधनासकट विमानाचं वजन पाच किलोच्या आत हवं. आता विचार करा. इंधन कमी घेतलं तर विमान मध्येच समुद्रात पडणार. जास्त घेतलं तर नियम मोडणार. म्हणून वाचवायचं ते विमानाचं वजन. विमानाची चौकट हलक्या बाल्सा लाकडाची, वर प्लास्टिकची पातळ फिल्म. पाच किलोंतलं जवळपास निम्मं वजन एकट्या इंधनाचं होतं.

आणि हे इंधन ज्या टाकीत राहतं, ती टाकी? ती कुणाला दिसत नाही. फोटोतही येत नाही. पण ती गळली, की सगळं संपलं. लांब पल्ल्याच्या मॉडेल विमानांसाठी हौशी मंडळी ही टाकी घरीच कशी बनवतात, ते आपण बघूया.

फुग्यावरचा मुखवटा

तुम्ही शाळेत कागदाचा मुखवटा केलाय ना? फुगा फुगवायचा, त्यावर कागदाचे कपटे खळीने चिकटवायचे, वाळलं की फुगा फोडायचा. आत पोकळ, बाहेर कडक! टाकी अशीच बनते. फुग्याऐवजी थर्माकोल, कागदाऐवजी काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड आणि खळीऐवजी इपॉक्सी नावाचं रसायन.

एकटं कापड लुळं असतं. एकटं इपॉक्सी कडक, पण ठिसूळ. दोन्ही एकत्र आली, की पातळ असूनही चिवट कवच तयार होतं. याला कॉम्पोझिट म्हणतात. आपल्याकडे भिंतीच्या मातीत गवताचं काड किंवा भुसा मिसळतात, ते कशासाठी? माती तडकू नये म्हणूनच. युक्ती तीच.

आधी विमानाच्या पोटात जागा किती आहे, ते मोजायचं. बाजारातली प्लास्टिकची टाकी ठरावीक मापांत मिळते, पण विमानातली जागा असते वेडीवाकडी. घरी केलेली टाकी तिथे अंगरख्यासारखी बेतून बसवता येते. मग थर्माकोलचा ठोकळा त्या मापाला कापून पॉलिशपेपरने गुळगुळीत करायचा. त्यावर कापड गुंडाळायचं आणि इपॉक्सी ब्रशने मुरवायचं. इथे एक खोच आहे. दुसरं एक स्वस्त रसायन मिळतं, पॉलिएस्टर. ते वापरलं तर थर्माकोलच विरघळून जातो! म्हणून इपॉक्सीच हवं.

कापडात मुरून वर उरलेलं इपॉक्सी पट्टीने निपटून काढतात. जोर लागतो तो धाग्यांमुळे. जादाच्या इपॉक्सीने फक्त वजन वाढतं. दिवसभर वाळू द्यायचं, मग एका बाजूला भोक पाडायचं आणि आत अ‍ॅसिटोन ओतायचं. नेलपॉलिश काढायच्या औषधात असतं, तेच. बघता बघता थर्माकोल आतल्या आत विरघळून चिकट गोळा होतो. तो काढून टाकायचा आणि टाकी पुन्हा पुन्हा विसळायची. आत एवढासा कण जरी राहिला, तरी तो पुढे नळीत अडकून इंजिन बंद पाडू शकतो.

इपॉक्सीही सगळी सारखी नसतात. काही जातींची काही इंधनांत हळूहळू मऊ पडतात. म्हणून जाणकार मंडळी त्याच कापडाचा आणि त्याच इपॉक्सीचा एक तुकडा करून बरेच दिवस इंधनात बुडवून ठेवतात. तुकडा जसाच्या तसा राहिला, तरच ते इपॉक्सी टाकीला.

मात्र हे काम मोठ्यांशिवाय करायचं नाही हं! इपॉक्सी हाताला लागू नये म्हणून हातमोजे लागतात, काचेची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लागतो. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे मोकळी हवा हवी आणि जवळपास कुठेही आग नको.

नळीचं वजनदार टोक

टाकी झाली. पण इंधन बाहेर कसं येणार? यासाठी तुम्ही घरी एक प्रयोग करा. पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा. झाकणाला मोठ्यांकडून भोक पाडून घ्या आणि त्यातून कडक स्ट्रॉ तळापर्यंत सोडा. आता बाटली तिरकी करा, आडवी करा. कधी कधी स्ट्रॉचं टोक पाण्याबाहेर येतं, हो ना? विमानात असं झालं, तर इंजिनाला इंधनाऐवजी हवा मिळेल आणि ते बंद पडेल.

आता स्ट्रॉऐवजी माशांच्या टाकीला लावतात तसली मऊ नळी घ्या आणि तिच्या टोकाला एक छोटा नट बसवा. बाटली कशीही फिरवा, नट पाण्याच्या मागे मागे धावतो. विमानाच्या टाकीत अगदी हेच करतात. दुसरी एक नळी हवेसाठी असते. जेवढं इंधन बाहेर, तेवढी हवा आत. नाहीतर टाकीत पोकळी होऊन इंधन यायचंच थांबेल.

टाकी कुठे ठेवायची, हाही प्रश्न असतोच. सी-सॉवर टोकाला बसलेला मुलगा उतरला, तर दुसरी बाजू धाडकन खाली येते. पण मधोमध बसलेला उतरला, तर फारसा फरक पडत नाही. इंधन तासातासाला कमी होत जातं. म्हणून टाकी विमानाचा तोल जिथे असतो, त्या पंखाजवळच्या जागी ठेवतात. भोवती स्पंज लावतात. नाहीतर इंजिनाच्या थरथरीने ताक घुसळावं तसा इंधनाला फेस येतो.

आणि शेवटची परीक्षा कोणती, ठाऊक आहे? आपल्या पंक्चरवाल्या काकांची! टाकीच्या नळ्या बंद करायच्या, एकीतून हलकीशी फुंकर घालायची आणि टाकी बादलीत बुडवायची. एक जरी बुडबुडा आला, तरी टाकी नापास.

अडतीस तास, बावन्न मिनिटं

९ ऑगस्ट २००३. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला केप स्पिअरवरून ते पाचवं विमान हातानेच हवेत सोडण्यात आलं. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पावणेचार वाजले होते. उंचीवर गेल्यावर सूत्रं यंत्राकडे गेली. उपग्रहांच्या मदतीने आपली जागा ओळखत ते पूर्वेला निघालं. खाली काळा समुद्र, वर रात्र.

विमान आपली खबर अधूनमधून पाठवत होतं. आणि एकदा ती खबर येणंच थांबलं. काही तास काहीच कळेना. हेही गेलं की काय? पण पुन्हा संदेश आला. विमान उडतच होतं! दुसरी रात्रही सरली.

पलीकडचा किनारा आयर्लंडचा. गावाचं नाव क्लिफ्डन, प्रदेशाचं कॉनेमारा. इथे ओलसर दलदलीची पठारं आहेत. तिथली माती विटांसारखी कापून, वाळवून लोक चुलीत जाळत आले आहेत. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन इथेच उतरले. वरून हिरवं मैदान वाटलं, ती निघाली दलदल! विमानाचं नाक चिखलात रुतलं, पण दोघे सुखरूप राहिले. तिथे आज त्यांचं पांढरं स्मारक आहे.

तिथून जवळच मॅनिनचा किनारा आहे. तिथली पांढरी वाळू हातात घेऊन नीट पाहिली, तर ते चुन्यासारख्या कडक समुद्र-शेवाळाचे बारीक तुकडे असतात. ११ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमाराला आकाशात एक ठिपका दिसला. डेव्ह ब्राऊन या अनुभवी उडवणाऱ्याने जमिनीवरून रेडिओने सूत्रं हाती घेतली आणि विमान ठरवलेल्या जागेजवळ अलगद उतरवलं. ३८ तास ५२ मिनिटं १९ सेकंद. ३,०२८ किलोमीटर! मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जाऊन परत आलं, तरी एवढं अंतर होत नाही. दर तासाला वेग किती पडला, ते तुम्हीच भागाकार करून काढा.

टाकीत इंधन उरलं होतं, पण अगदी थोडं. बातमी कळल्यावर हिल आजोबा पत्नीला मिठी मारून लहान मुलासारखे रडले. २०११ साली ते गेले.

तेव्हा दोस्तांनो, पंक्चरवाले काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असतील, तेव्हा दोन मिनिटं थांबून बघा. ट्यूब घाईने बाहेर काढत नाहीत ते. सावकाश फिरवतात, पुन्हा पुन्हा बघतात. अटलांटिक ओलांडायलाही तेवढाच धीर लागतो.