कोंबडीच्या मापाने पोपट

वर्धा जिल्ह्यात ज्वारी हुरड्यावर आली, तुरीच्या शेंगा भरल्या, की पोपटांचे थवे शेतावर उतरतात. शेतकऱ्याला या पक्ष्याची पुरेपूर ओळख आहे. प्रयोगशाळेला मात्र ती नाही. पक्ष्यांमधली रोगप्रतिकारशक्ती मोजायची बहुतेक साधने कोंबडीसाठी तयार झाली, कारण लस, बाजार आणि पैसा कोंबडीमागे आहे. तीच साधने पोपटाच्या रक्ताला लावून ‘प्रतिपिंडे नाहीत’ असा अहवाल कोणी दिला, तर तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एलायझा चाचणीत प्लेटच्या तळाशी रोगजंतूचे प्रथिन चिकटवलेले असते. त्यावर पक्ष्याचे सीरम घातले की त्यातली प्रतिपिंडे तिथे बसतात. पण ती बसली हे डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवायला दुसरे प्रतिपिंड लागते. ते पक्ष्याच्या प्रतिपिंडाला, म्हणजे ‘आयजीवाय’ला, ओळखते आणि या दुसऱ्या प्रतिपिंडाला जोडलेले एन्झाइम रंग बदलते. किटमधले हे दुसरे प्रतिपिंड कोंबडीच्या आयजीवायविरुद्ध बनवलेले असते. कोंबडी आणि पोपट यांचे वंश कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यामुळे पोपटाचे आयजीवाय ते अर्धवटच ओळखते. रंग फिका आला, तर प्रतिपिंडे कमी आहेत की ओळख कमी पडली? प्लेट याचे उत्तर देत नाही. कौशल्याचा तुटवडा म्हणावा तर तोही नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने हत्तीपायरोगाच्या निदानासाठी पेनिसिलिनेज एन्झाइमवर चालणारी एलायझा उभी केली. तिच्यात स्टार्च-आयोडीनचा गर्द निळा रंग पेनिसिलिनेजच्या कामामुळे उडून जातो. महागड्या यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी निकाल कळतो. म्हणजे एलायझा बसवणारे हात जिल्ह्यात आहेत. अडले आहे ते पोपटाला ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडापाशी.

यावर कोणी म्हणेल, अर्धवट का होईना, ओळखते ना? एका मर्यादेत ते खरे आहे. त्याच पोपटाचे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एकाच प्लेटवर लावले आणि रंग ठळकपणे वाढला, तर त्याला अर्थ आहे. एकट्या नमुन्याला, तेही कोंबडीसाठी ठरवलेल्या सीमारेषेवर तोलून, अर्थ नाही. दुसरा आक्षेप पीसीआरचा. पीसीआर जंतू सापडला की नाही ते सांगते. शरीराने त्याला काय उत्तर दिले, हा प्रश्नच तिचा नव्हे.

पोपटाला ओळखणारे दुसरे प्रतिपिंड मिळेपर्यंत जुनी हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन चाचणी बरी, कारण तिला दुसरे प्रतिपिंड लागतच नाही. राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचा, विषाणू कोंबडीच्या लाल पेशींना एकमेकींत गुंतवतो आणि खळग्यात पेशींची पातळ चादर पसरते. सीरममधल्या प्रतिपिंडांनी विषाणूला आधीच अडवले, तर पेशी तळाशी जमून लालभडक टिकली दिसते. प्लेट कलती केली की ती अश्रूसारखी ओघळते. प्रतिपिंड कोणत्या पक्ष्याचे, याच्याशी चाचणीला घेणेदेणे नाही. मात्र एक पथ्य पाळावे लागते: कोंबडीखेरीज इतर पक्ष्यांचे सीरम कधीकधी स्वतःच कोंबडीच्या पेशींना गुंतवते, म्हणून ते आधी कोंबडीच्या लाल पेशींबरोबर ठेवून स्वच्छ करून घ्यायचे. शिवाय पेशी न गुंतवणाऱ्या जंतूंपुढे ही चाचणी निरुपयोगी. पोपटाकडून माणसाला होणाऱ्या सिटॅकोसिसच्या जिवाणूसाठीही ती रुळलेली नाही, आणि म्हणूनच एलायझाचा नाद सोडून चालणार नाही.

दुसरे प्रतिपिंड बनवण्याची वाट फार अवघड नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्या रानपोपटांना संरक्षण आहे. पण बजरिगर हा परदेशी पक्षी पोपटांच्याच गणातला, आणि तो घरोघरी पिंजऱ्यात अंडी घालतो. पक्षी आयजीवाय अंड्याच्या बलकात साठवतात. न उबलेल्या अंड्यांतून ते वेगळे काढून सशात त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करता येईल. प्राणिप्रयोगांची रीतसर परवानगी अर्थातच हवी. असे प्रतिपिंड आपल्या पोपटाला कोंबडीच्या किटपेक्षा चांगले ओळखेल, अशी अपेक्षा रास्त आहे. तरी आधी पडताळणी हवी. तोपर्यंत प्रयोगशाळांनी एवढे तरी करावे: पोपटाच्या प्रत्येक अहवालावर दुसरे प्रतिपिंड कोणत्या पक्ष्याविरुद्धचे होते, ते ठळक लिहावे.