उभ्या उभ्या जाम झालेले इंजिन



गाडीचे इंजिन दोन तऱ्हांनी जाम होते. एक चालता चालता आणि एक उभ्या उभ्या. वरून दोन्ही सारखीच दिसतात. किक दगडासारखी घट्ट, खाली जातच नाही. पण दुखणे वेगळे आणि औषधही वेगळे. सत्तरी उलटल्यावर बार्शीच्या एका जुन्या मिस्त्रींपाशी बसून मला हा भेद कळला. तो तुमच्या कानी घालावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

गाडी आमच्या मृदंगाचार्यांची, राजदूत. बावीस वर्षे आम्ही तिच्यावरून सप्ताहांना हिंडलो. पुढे ते, मागे मी आणि मधे खोळीत घातलेला मृदंग. ते वैकुंठवासी झाल्याला आता अकरा वर्षे झाली. तेव्हापासून गाडी शेळ्यांच्या छपराखाली उभी आणि मृदंग भिंतीला टांगलेला. त्यांच्या मुलाचा हात बापासारखाच गोड होता. पण वडील गेले, तसे त्याने वाजवणे सोडले आणि देवळाची पायरीही सोडली. यंदा दिवाळीनंतर तो म्हणाला, "आबा, गाडी भंगारात देऊ का? जागा अडली आहे." वहिनी चुलीपाशी होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "महाराज म्हणतील तसं कर." मी म्हणालो, "एकदा मिस्त्रींना दाखवू. मग काय ते ठरव."

मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला. "चालताना बंद पडली होती, की ठेवलेली जाम झाली?"

हा प्रश्न का, ते त्यांनी समजावून सांगितले. राजदूतचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पिस्टनला मिळणारे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच जाते. ते कमी पडले आणि गाडी ताणली, की आत उष्णता वाढते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. मधला तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूला धातू घासतो आणि पिस्टनचे अंग ब्लॉकच्या भिंतीला माखते. हे चालता चालता जाम होणे. इथे वरून तेल घालून भागत नाही. इंजिन उघडावे लागते, ब्लॉकला बोअर मारावे लागते, पिस्टन नवा घालावा लागतो.

उभ्या गाडीचे तसे नसते. सायलेन्सरमधून, कार्बोरेटरमधून पावसाळ्याची ओल आत शिरते. पिस्टनच्या रिंगा लोखंडी, भिंत बिडाची. दोन्ही वर्षानुवर्षे एकाच जागी टेकून राहतात आणि मधला गंज त्यांना सांधून टाकतो. मिस्त्री म्हणाले, "महाराज, यात तुटलेलं काही नसतं. नुसतं धरलेलं असतं."

मग काम सुरू झाले. आधी प्लगभोवतीची माती पुसली, नाहीतर ती आत पडते. प्लग काढला. सायलेन्सर उतरवून भोकातून टॉर्च मारून पिस्टन कुठे थांबला आहे ते पाहिले. तो खाली असता, तर ओतलेले तेल तिथूनच वाहून गेले असते. पिस्टन वर होता. मग डिझेल आणि इंजिन ऑइल समसमान घेऊन प्लगच्या भोकातून ओतले आणि भोकाला चिंधी लावून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पाहिले, तर तेल थोडे उतरले होते. मिस्त्री म्हणाले, "चांगलं आहे. वाट शोधतंय." पुन्हा भर घातली. असे रोज चालले. गल्लीतली दोन पोरे आली आणि किकवर उभे राहून उडी मारतो म्हणाली. मिस्त्री त्यांच्यावर खेकसले. धरलेल्या इंजिनाच्या किकवर जोर केला, तर आतल्या चक्राचे दात तुटतात आणि मूळ दुखण्यात दुसऱ्याची भर पडते. त्यांची रीत निराळी. गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची, मागचे चाक दोन्ही हातांनी धरायचे आणि किंचित पुढे, किंचित मागे करायचे. टॉप गिअरमध्ये चाकाचा जोर इंजिनावर अधिक चालतो. एकाच दिशेने रेटायचे नाही.

नवव्या दिवशी चाक केसभर सरकले. मुलगाच चाक धरून बसला होता. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या आधी येऊन बसला.

इंजिन सुटले म्हणजे गाडी चालू करायची, असेही नाही. मिस्त्रींनी हेड आणि ब्लॉक उतरवला, गंज घासून काढला, रिंगा बदलल्या, क्रँकचे बेअरिंग तपासले. ऑइल सील सुकून कडक झाले होते, तेही नवे घातले. सुकलेल्या सीलमधून हवा ओढली जाते, पेट्रोलचे आणि त्यातल्या ऑइलचे प्रमाण पातळ होते आणि गाडी तापते. म्हणजे उभ्या उभ्या जाम झालेली गाडी घाईने पळवली, तर ती चालता चालता जाम होते.

माउली, दृष्टांत एकदेशी असतो. माणूस म्हणजे इंजिन नव्हे. जेवढे लागू पडेल तेवढेच घ्यावे. माळकरी मंडळींतही दोन तऱ्हा दिसतात. कुणी कीर्तनामागून कीर्तने करीत धावतो आणि स्वतःचे नित्यनेम कोरडे पडतात. तो तापून थांबतो. त्याला मोकळ्या मनाने स्वतःला उघडून पाहावे लागते. दुसरा नुसता उभा राहिलेला असतो. घरात मृत्यू होतो, कर्ज होते, एक एकादशी चुकते, मग दुसरी, आणि सवयीची वाट बुजते. त्याच्यात तुटलेले काही नसते. आपण मात्र पारावर बसून म्हणतो, "बापाचं नाव घालवलं." ही किकवरची उडीच झाली. अशाने आत काय तुटते, ते बाहेर दिसत नाही. त्याच्याकडे रोज थोडे जाऊन बसावे, चहा घ्यावा, पीकपाण्याचे बोलावे आणि भजनाचा विषय काढू नये. तेल आपली वाट शोधते.

गाडी सुरू झाली तेव्हा सायलेन्सरमध्ये साचलेल्या तेलाचा पांढरानिळा धूर अंगणभर झाला. वहिनी चूल सोडून दारात आल्या आणि आवाज ऐकत उभ्या राहिल्या. आता एकादशीला मुलगा मला तिच्यावरून देवळात नेतो. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे हळू चालवतो. पहिल्या एकादशीला बाहेर गाडीपाशीच थांबला. गेल्या खेपेला आत येऊन खांबाला टेकून बसला. मृदंग अजून भिंतीलाच आहे. शाई सुकली असेल, वाद्या ढिल्या पडल्या असतील. मी विषय काढलेला नाही.

तुमच्याही गावात, कदाचित घरातही, असा कुणी छपराखाली उभा असेल. त्याला बोल लावण्याआधी मिस्त्रींचा प्रश्न स्वतःशी विचारा. चालताना बंद पडला, की ठेवलेला जाम झाला?