दुखणं माझं, प्रश्न नवऱ्याला

रात्री उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या. उलट्या थांबेनात, तेव्हा नवऱ्याने जवळच्या रुग्णालयात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आस्थेने विचारपूस केली, पोट दाबून पाहिलं. मग विचारलं, ‘‘नेहमीची काही औषधं?’’

‘‘लिथियम. मला बायपोलर आहे.’’

तेवढं ऐकलं आणि ते नवऱ्याकडे वळले. ‘‘यांची झोप होते का? घरात काही वादावादी? गोळ्या वेळेवर घेतात ना?’’ मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, दुखतंय मला. मला विचारा ना.’’ नर्सने खांद्यावर थोपटलं, ‘‘शांत व्हा ताई, टेन्शन घेऊ नका.’’ ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ असं कागदावर लिहून आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे होते आणि त्याला सूज आली होती.

मनाच्या आजाराचा शिक्का बसला की माणसाच्या शब्दाला किंमत उरत नाही, हे मी घरीदारी अनुभवलंय. आवाज चढला तर ‘गोळी घेतलीस ना?’, मनापासून हसले तर ‘हिचं पुन्हा सुरू होतंय का?’ रागवायचा, आनंदी व्हायचा, दुखतंय म्हणायचा साधा हक्कही मला सिद्ध करावा लागतो.

म्हणूनच अनेक जण दुसऱ्या डॉक्टरांपासून ही औषधं लपवतात. पण हे लपवणं जिवावर बेतू शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं तरी वाढतं. प्रमाणाबाहेर गेलं की हात थरथरतात, तोल जातो, शुद्ध हरपू शकते. सांगावं तर दुखण्यावर विश्वास बसत नाही आणि न सांगावं तर उपचारच घातक ठरू शकतात, अशा कात्रीत आम्हाला कुणी का ढकलावं?

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 सालचा, मे 2018 पासून लागू आहे. त्याचं कलम 21 सांगतं की सगळ्या आरोग्यसेवांमध्ये मानसिक आजार असलेल्यांना शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीनं वागवलं पाहिजे. हा कायदा कॅज्युअल्टीतल्या खाटेपर्यंत पोहोचायला हवा.

तो पोहोचू शकतो, हेही मी पाहिलंय. ज्या सर्जननी माझं ऑपरेशन केलं, त्यांनीही लिथियमचं नाव ऐकलं. त्यांनी मलाच विचारलं, ‘‘शेवटची लेव्हल कधी केली होती? किती आली?’’ लेव्हल, क्रिएटिनिन पुन्हा तपासलं, माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, लिथियमला चालतील अशीच वेदनाशामकं दिली. आणि मग म्हणाले, ‘‘आता सांगा, नेमकं कुठे दुखतंय?’’

निदान त्यांनाही ठाऊक होतं. त्याचा उपयोग त्यांनी माझ्या उपचारासाठी केला. प्रत्येक डॉक्टरांकडून आणि घरच्या माणसांकडून माझी एवढीच मागणी आहे. आजाराचं नाव जरूर लक्षात ठेवा, पण प्रश्न आम्हाला विचारा आणि आमचं उत्तर खरं धरून तपासणीला लागा.