कुणाला वांगे वातूळ, कुणाला पथ्याचे



मक्याच्या शेतात पेरणीनंतर अ‍ॅट्राझीन फवारतात, हे तुम्हांला माहीत आहे. तण मरते, मका उभा राहतो. औषध दोघांच्याही मुळांतून आत शिरते. पण मक्याच्या पेशींत ते विष धरून निकामी करण्याची सोय असते. आपल्या ज्वारीतही ती असते. पुष्कळशा तणांत ती पुरेशी नसते. ही सोय बियाण्यातूनच येते.

माणसाचेही असेच आहे. आपण घेतलेल्या गोळीची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावते. त्यासाठी यकृतात एन्झाइम नावाचे पदार्थ असतात. कुणाचे एन्झाइम चपळ, कुणाचे संथ. आईबापांकडून जसा नाकाचा ठेवा मिळतो, तसाच हा चपळपणा किंवा संथपणाही मिळतो. म्हणून एकच गोळी एकाला मानवते आणि दुसऱ्याला बाधते.

सोलापूर जिल्ह्यातल्या गावांतून इतकी वर्षे हिंडतो आहे. फवारणीच्या औषधाचे प्रमाण पंपामागे किती, हे शेतकरी मला दोनदा विचारून घेतो. पण स्वतःच्या पोटात जाणारी गोळी मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतो, आणि त्याच्याच सांगण्यावरून सोडतोही. यातले सोडणे किती महागात पडू शकते, ते आमच्या घरातच दिसले.

मी कृषी महाविद्यालयात शिकत असताना आमच्या थोरल्या वहिनींना क्षय झाला. औषध सुरू झाले. खोकला कमी झाला, ताप गेला. पण दोन-तीन महिन्यांनी हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. पायातली चप्पल निसटली तरी कळेना. भाकरी उलटताना तव्याचा चटका बोटांना जाणवेना. गल्लीतल्या एका गृहस्थांना त्याच गोळ्या चालू होत्या आणि ते ठणठणीत होते. त्यामुळे घरात दोन मते झाली. कुणी म्हणे, गोळ्या अंगावर उठल्या, बंद कर. कुणी म्हणे, कामाचा कंटाळा, दुसरे काय! वहिनी दोन्ही ऐकून घेत आणि रात्री पाय चोळत बसत. गोळ्या सोडून द्यायच्या, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

थोरल्या भावाने त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या नाहीत. ब-६ जीवनसत्त्वाची एक गोळी वाढवली आणि कारण समजावून सांगितले. क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे. ते शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाची नासाडी करते. ज्याचे यकृत चपळ, त्याच्या रक्तातले निम्मे औषध तास-सव्वा तासात निकामी होते. ज्याचे संथ, त्याला तीन तास किंवा त्याहून अधिक लागतात. औषध जास्त वेळ अंगात राहते, म्हणून नसांना त्रास होण्याचा संभव वाढतो. आपल्या देशात निम्म्याहून अधिक माणसे अशी संथ आहेत. हा काही रोग नव्हे. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारावर संशोधन करणारे केंद्र निघाले. तेथे या औषधाचा आणि ब-६ चा पुष्कळ अभ्यास झाला.

काही आठवड्यांत वहिनींच्या मुंग्या ओसरल्या. उपचार पुरा झाला. आज त्या नातवंडे सांभाळतात. औषध मधेच सोडले असते, तर आजार उलटला असता आणि पुढे साध्या औषधांना जुमानला नसता.

पण ब-६ ने गुण येतो म्हणून ते मनाने आणून खाऊ नका. हेच जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात फार दिवस घेतले, तर त्यानेच हातपाय बधिर होतात. युरिया पिकाला लागतो, पण म्हणून कोणी पोतेच्या पोते ओतत नाही. ताकदीच्या गोळ्या आणि पावडरींचेही तसेच समजा. क्षयाची औषधे चालू असताना भूक मेली, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर यकृताला बाधा झाली असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरे उदाहरण हिवतापाचे. एका प्रकारच्या हिवतापात यकृतात दडलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विन देतात. काही माणसांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतः कमी असते. त्यांना हे औषध दिले तर तांबड्या पेशी फुटू लागतात. लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या संशोधकांनी पारशी समाजात ही उणीव दाखवून दिली. पुढे ती देशातल्या इतर अनेक समाजांत आणि आदिवासींतही आढळली. ती आईकडून मुलाकडे येते आणि पुरुषांत अधिक दिसते. म्हणून मामाला असा त्रास झाला असेल, तर भाच्याच्या वेळी डॉक्टरांना तो जरूर सांगावा. रक्ताच्या तपासणीत ही उणीव कळते. अशा घरात तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि गोधडीत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांनीही हाच अपाय होतो.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. पीक-पाण्याच्या वहीत एक पान घरातल्या माणसांसाठी राखा. कोणाला कोणत्या औषधाने काय झाले, ते नावासह लिहा. आजोळचेही विचारून घ्या. दवाखान्यात जाताना ती वही, चालू गोळ्यांची पाकिटे आणि वैद्याचा काढा असेल तर तोही बरोबर न्या. उरलेली गोळी शेजारी देऊ नका, शेजाऱ्याची घेऊ नका. आणि घरातली सून किंवा म्हातारी म्हणाली, ‘या गोळीने मला कसेसेच होते’, तर तिला ढोंगी ठरवू नका. दुसऱ्याला झाले नाही म्हणून तिला होत नसेल, असे नाही. गोळी परस्पर बंदही करू नका. तिला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तिच्याच तोंडून त्यांना सारे ऐकू द्या.